ऐरणीवरची हाक

“खरं सांग रं मुडद्या, गान्यातली ती पेटल्याली बाई म्हंजे मीच न्हवं?”

लीया ट्रोमन्सनं सांडशीत धरलेली लाल कडी ऐरणीवर ठेवली आणि भाच्याकडं न बघताच विचारलं. नेव्हिल शेडच्या दारात उभा होता. केस खांद्यावर आलेले, अंगात कातडी जाकीट, आणि तोंड मात्र मार खायला बोलावल्यासारखं.

“तू न्हाईस, मावशे.”

“मग एडी बिलिंगहॅमला काय सपान पडलं? साऱ्या चॅपेलात सांगत सुटलीया. लीयाच्या भाच्यानं चेटकिनीचं गानं केलं, म्हनं. त्यात लीया जाळात बसून सैतानाला हाका मारतीया, म्हनं!”

“एडीनं गानं ऐकलंय का?”

“रेडिओवर ऐकलं. आग, बाई आन् काळ्या, एवढंच समजलं तिला. बाकीचं तुझा तो गानारा दाताखालीच चावतोय.”

इंग्लंडातल्या क्रॅडली हीथची ही गल्ली लोखंडी साखळ्या घडवणाऱ्यांची. एकेकाळी घरामागं शेड नाही असं घर नव्हतं, आणि भट्टी नाही अशी शेड नव्हती. पोर पाळण्यात टाकायचं, आईनं भाता ओढायचा, गज तापवायचा, वाकवायचा, टोकावर टोक चढवून ठोकायचा. आता बाकीच्या शेडांत कोळसा आणि मोडक्या बाबागाड्या. धग होती ती एकट्या लीयाच्या भट्टीला. म्हातारीच्या हातांवर ठिणग्यांचे डाग इतके, की हात पावट्याच्या दाण्यांनी भरल्यासारखा दिसायचा.

नेव्हिल दिवसा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर असायचा आणि शनिवारी चौघांच्या बँडमध्ये ढोल बडवायचा. त्यांचं वाजवणं जड, सावकाश, छातीत बसणारं. त्याला पुढं जगभर हेवी मेटल म्हणायला लागले. आमच्याकडं तेव्हा त्याला नुसती कटकट म्हणायचे.

पण लीयाचं दुखणं वेगळंच होतं. येत्या रविवारी चॅपेलचा वर्षाचा गाण्याचा दिवस. लीया पंधरा वर्षांची असल्यापासून दुसऱ्या ओळीत उभी राहून खालचा सूर धरायची. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा गायली होती. आणि गाणाऱ्यांना उभं करणाऱ्या एडीनं काल निरोप धाडला होता, ‘औंदा बसून ऐक.’

“बसून ऐक!” लीया फुत्कारली. “माझा आवाज काय भाकड झाला?”

“मी गानं सोडतो, मावशे. शनवारी वाजवत न्हाई.”

“सोडतोस? पळपुट्या! सोडलंस तर एडीचंच खरं झालं की. त्यापरीस गान्याचा अर्थ सांग मला.”

“सांगता आलं असतं तर ढोल कशाला बडवत बसलो असतो?”

त्यानं कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि बाजूच्या मोकळ्या ऐरणीवर हाणला. ठण. ठण. ठण. मग श्वासभर काहीच नाही. मग एक मोठा, ठण्ण. गाणं असंच सुरू व्हायचं. ढोलकऱ्याचा हात, एकदा चालला की थांबतोय कशाला? तो मारतच राहिला.

लीयाच्या सांडशीतली कडी काळी पडली तरी तिला पत्ता नव्हता.

ही हाक होती. गल्लीतल्या सगळ्या शेडा एकदम ठोकत असायच्या तेव्हा बोंब मारून कुणाला ऐकू जाणार? म्हणून कुणी भाजलं, कुणाला कळा लागल्या, की ज्या बाईच्या हातात हातोडा असेल तिनं हा ठोका धरायचा. रोजच्या ठोक्यात हा वेगळा ठोका कानाला टोचायचा. शेजारचे हातोडे थांबायचे आणि बाया बादल्या घेऊन धावायच्या. शेवटचा ठोका लीयानंच धरला होता. तिची बहीण रुबी पोटुशी होती आणि ठिणगीनं तिचा घागरा पेटला होता तेव्हा. पोटात हाच नेव्हिल.

“नेव्हिल,” ती म्हणाली, “हे तुला—”

तेवढ्यात अंगणाचं फाटक धाडकन आपटलं.

पुढं एडी बिलिंगहॅम. एका पायात सपात, दुसरा पाय उघडा, हातात भांडी धुतल्या पाण्याचा टोप. मागं शेजारची सारा-ॲन बादली घेऊन, आणि तिच्या मागं म्हातारी हॅना, काठी काखेत मारून पळत.

“कोन पेटलं? कुठंय?” एडी ओरडली, आणि उत्तराची वाट न बघता टोप नेव्हिलच्या अंगावर रिकामा केला.

नेव्हिलच्या केसांतनं वाटाण्याचं साल ओघळलं. कुणीच हसलं नाही. आधी सगळ्यांनी शेडमधल्या माणसांचे हातपाय बघितले, शाबूत आहेत का म्हणून.

“कुनी न्हाई पेटलं,” लीया म्हणाली. “गानं हाय त्याचं.”

“हे गानं?” एडी धापा टाकत होती. “आगं, ही तर हाक हाय!”

“तेच तर!” नेव्हिल डोळ्यातलं पाणी पुसत म्हणाला. “आयनं मरताना ठोका धरून सांगितलं हुतं. मी जन्माला आलो ते ह्या ठोक्यापायी. पेटल्याली बाई माझी आय. आन् अंगनातनं धावत येत्यात त्या काळ्या बाया म्हंजे तुमी. कोळशानं काळ्या. सैतान कुठला त्यात?”

एडी टोपाकडं बघत राहिली. त्या दिवशी पहिली बादली तिनंच ओतली होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हंजे पुढं पळनारी ती... मी?”

“तूच. बादली बी हाय गान्यात.”

एडीनं नाक ओढलं. “काळी कशाला म्हनलास रं? त्या दिवशी मी धुतल्याला एप्रन घातला हुता.”

आता मात्र म्हातारी हॅना काठीवर वाकून खिंकाळली.

एडी वळली. फाटकाशी जाऊन थांबली. “लीया, रविवारी जरा लवकर ये. दुसरी वळ लंगडी पडतीया.”

“बघीन. साखळी पुरी झाली तर.”

“बघीन काय बघीन? ये! आन् तू रं, त्या गानाऱ्याला सांग, बादली नीट म्हनायची. आमाला एक शबुद कळला न्हाई.”

बाया गेल्या. नेव्हिल तसाच निथळत उभा.

“शनवारी वाजवू न्हवं, मावशे?”

“वाजीव. पन गल्लीत नगं. हॅनाचा जीव जाईल एक दिस पळून.” लीयानं काळी पडलेली कडी परत निखाऱ्यात खुपसली आणि भात्याचा दांडा धरला. “सर बाजूला. माझ्या कोळशावर पानी गळतंय तुझं.”

कडी लाल झाली, मग पांढरी. लीयानं ती ऐरणीवर घेतली आणि रोजच्या ठोक्यानं ठोकायला लागली.