उशीतली हवा

आमच्या ड्रायव्हर मामांना गाडी पुढून बघताना मी कधी पाहिलं नाही. सकाळी आले की सरळ पिकअपच्या मागे जायचे, उकिडवे बसायचे आणि मागचं चाक आणि वरचा मडगार्ड यांच्या फटीत चार बोटं आडवी घालायचे. मग दुसऱ्या बाजूला तेच. बोटं नीट बसली तर उठायचे, नाहीतर हवेची नळी ओढून आणायचे. मी कामाला लागले त्या पहिल्या वर्षी एकदा विचारलं, हे रोज काय बघता? तर म्हणाले, "मॅडम, माणूस तोंडावरून कळतो, गाडी ढुंगणावरून." आमच्या सिस्टर फिस्सकन हसल्या आणि मला एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचायचं आठवलं.

आमचं डोळे तपासायचं फिरतं केंद्र होतं, अजूनही आहे. एका ट्रस्टचं. वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये उभा असलेला चार चाकांचा एक बंद ट्रेलर, आत तपासणीची खुर्ची, दोन यंत्रं, काचांची पेटी आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. आठवड्यातून तीन दिवस तो ट्रेलर मुरबाड, शहापूर, टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावांत जायचा. ओढायला मामांची स्वतःची पिकअप आणि मामा. मी वर्तकनगरहून स्कूटरने यायचे, मामा कल्याणहून. माझं काम चष्म्याचा नंबर काढायचं, डोळ्याच्या आत डोकावायचं आणि काही गडबड दिसली तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. असं अकरा वर्षं चाललं.

सुरुवातीच्या दिवसांत ट्रेलर जोडला की त्याचं सगळं वजन पिकअपच्या शेपटीवर यायचं. पिकअप मागे बसायची, तोंड वर करायची. दिवे रस्त्याऐवजी झाडांवर पडायचे, स्टिअरिंग हलकं व्हायचं आणि बायपासवर शेजारून कंटेनर गेला की ट्रेलर मागे डुलायला लागायचा. गावात पोहोचून दार उघडावं तर काचांची पेटी जमिनीवर आणि काचा खुर्चीखाली. मामांना हे लागलं. महिनाभर ते इस्टेटमधली गॅरेजं पालथी घालत होते. शेवटी बसच्या कामाचा एक कारागीर त्यांनी पटवला आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर, चेसिसच्या खाली, दोन रबरी एअर बॅगा बसवून घेतल्या. त्या कारागिराने म्हणे विचारलं, पिकअपला कशाला ही आरामबसची चैन? मामा त्याला म्हणाले, "चैन गाडीला नाय. आत काचा हायत लोकांच्या."

एअर बॅग हा शब्द मामांनी कधी वापरला नाही. ते त्यांना उशा म्हणायचे. आधी रिकाम्या गाडीची उंची बोटांनी मोजायची, मग ट्रेलर जोडायचा, मग उशांत हवा भरत गाडी जवळजवळ पहिल्या उंचीवर आणायची, आणि शेवटी हवेचा दाब मोजायचा काटा लावून आकडा बघायचा. बोटं आणि काटा दोघांचं एकमत झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. जनरेटर पिकअपच्या उजव्या बाजूला होता म्हणून उजव्या उशीत हवा जास्त लागायची. "डावीला पस्तीस, उजवीला चाळीस, आणि सिस्टरनी आज डब्यात पुरणपोळी आणलीय म्हणून अजून एक," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे. सिस्टर रागावायच्या आणि दुपारी त्यांनाच पहिली पोळी वाढायच्या.

एकदा ट्रस्टच्या एका साहेबांना वाटलं, गाडी आता एवढी सरळ उभी राहते तर ट्रेलरमध्ये चष्म्यांच्या फ्रेमची दोन लोखंडी कपाटं सहज मावतील. मामा तोवर साहेबांसमोर कधी तोंड उघडायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "साहेब, उशीने गाडी सरळ होते, तिची ताकद नाय वाढत. ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच. उलट आता जास्त भरलं तरी बाहेरून दिसणार नाय. मला पण नाय दिसणार." कपाटं शेडमध्येच राहिली. साहेब महिनाभर फुगून होते.

गावात पोहोचल्यावर मामा ड्रायव्हर राहायचे नाहीत. ट्रेलरचे पाय खाली सोडायचे, तक्ता पुसायचे, त्याच्यावरचा दिवा लावायचे आणि मग रांगेतल्या म्हाताऱ्यांशी भांडायला मोकळे. कुणी म्हणालं, मला बरं दिसतंय, पोरीने उगाच आणलं, की मामांचा पारा चढायचा. "बरं दिसतंय तर मी कोण ते सांगा," असं म्हणून लांब जाऊन उभे राहायचे. त्यांनी असे हट्टाने आत ढकललेले निदान डझनभर लोक मी वेळेत पुढे पाठवले. स्वतः मात्र चहात तीन चमचे साखर घालायचे. डॉक्टरांनी दिलेली साखरेच्या आजाराची गोळी आठवली तर घ्यायचे. मी ओरडले की म्हणायचे, "घेतली की सकाळी." कुठल्या सकाळी ते सांगायचे नाहीत.

शेवटच्या वर्षात एक नवीन सवय दिसायला लागली. हवा भरून झाली की ते काटा माझ्यापुढे करायचे. "जरा वाचा हो मॅडम, माझे हात ग्रीसचे हायत." हात ग्रीसचे असले म्हणून वाचायला काय झालं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मला उलट मोठेपणा वाटायचा, मामा आपल्याला त्यांच्या कामात घेतात म्हणून. मी ऐटीत आकडा सांगायचे आणि सिस्टरना म्हणायचे, बघा, गाडीतलं मला कळायला लागलं.

मग एक दिवस रस्त्यातल्या ट्रॅफिकने मला उशीर केला. मी पोहोचले तेव्हा गाडी तयार होती. मुरबाड रोडला लागेपर्यंतच माझी हाडं खिळखिळी झाली. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. गावात दार उघडलं तर कित्येक वर्षांत पहिल्यांदा काचांची पेटी खाली, आणि एका यंत्राचा दिवा फुटलेला. मी बाहेर येऊन पिकअपकडे बघितलं. तिने मागचा भाग चक्क वर उचलला होता. काटा लावला तर दोन्ही उशांत साठच्या वर हवा. मामा म्हणाले, "बोटांना जास्त लागत होतं, पण काटा कमी सांगत होता. काटा बिघडला असेल." माझ्या स्कूटरच्या डिकीत नवीन काटा पडून होता, मोठ्या आकड्यांचा. दुसऱ्या खेपेला सकाळी तो मी त्यांच्या हातात दिला आणि वाचा म्हटलं.

त्यांनी तो तोंडासमोर धरला, मान किंचित वळवली आणि काट्याकडे न बघता काट्याच्या बाजूला बघितलं.  नजरेचा मधला भाग गेलेली माणसं अशी बाजूने बघतात. हे मी शिकाऊ मुलींना दर वर्षी शिकवते, नक्कल करून दाखवते. मामांनी आकडा सांगितला. चुकीचा होता. मी बरोबर हवा भरून घेतली, काही बोलले नाही आणि त्यांच्या शेजारी बसून त्या दिवशीच्या गावाला गेले. हे सांगायची आजही लाज वाटते, पण गेले. 

गावात पेशंट यायच्या आधी मी त्यांना आत बोलावलं आणि खुर्चीत बसवलं. डावा डोळा झाकला, तक्त्यावरचा दिवा लावला. मामांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड सगळी अक्षरं म्हटली. उजवा झाकला, पुन्हा तेच, एकही चूक नाही. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, कारण तक्ता मी सकाळीच बदलला होता. जुना, अकरा वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलेला तक्ता ते म्हणत होते.

"मामा, आज तक्ता दुसरा आहे."

त्यांनी डोळ्यावरचं झाकण स्वतःच बाजूला केलं. मग म्हणाले, "रस्ता दिसतो मॅडम. आईशप्पत. रस्ता मोठा असतो. बारीक तेवढं दिसत नाय."

मी चिडले. भीतीने चिडले असेन, पण आवाज चढला हे खरं. म्हटलं, "मूल बारीक असतं, मामा."

त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर काचांच्या पेटीशेजारी ठेवली.  मी त्यांच्या डोळ्यांच्या आत बघितलं. साखरेने दोन्ही पडदे खाल्ले होते, मधोमध, आणि तेही आजकालचं नव्हे. दोन-तीन वर्षांपूर्वी बघितलं असतं तर बरंच वाचलं असतं. एवढं मला तिथल्या तिथे कळलं. त्यांना सांगितलं नाही. नंतर इंजेक्शनं झाली, लेझर झालं, उरलेलं राखलं गेलं. पिकअप ट्रस्टने घेतली आणि मामा टिटवाळ्याला मुलीकडे राहायला गेले. तिथे ते आवाजावरून माणसं ओळखतात, सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना दटावून तपासणीला पाठवतात आणि चहा बिनसाखरेचा पितात, असं मुलगी सांगते. आमच्याकडे आता ड्रायव्हर कुणीही येवो, दर सहा महिन्यांनी पहिला केसपेपर त्याचा निघतो. नवा आलेला जरा बिचकतो, पण बसतो.

पण मला मामा आठवतात ते त्या दिवशी परतताना. पेशंट संपले आणि आता गाडी कोण नेणार हा प्रश्न आला. सिस्टरना सायकलही येत नाही. मला गाडी येत होती, पण मागे ट्रेलर लावून कधी चालवली नव्हती. मी उजवीकडे बसले, मध्ये सिस्टर देवाचं नाव घेत, आणि डाव्या खिडकीशी मामा. ते मला आरशात बघायला सांगत नव्हते, ब्रेकचं सांगत नव्हते. बुडाखालच्या सीटवरून त्यांना सगळं कळत होतं. "लवकर वळवलात, ट्रेलर आत कापतो, अजून पुढे जाऊ द्या मग वळवा." "आता डुलेल, ब्रेक नको, नुसता पाय सोडा." तसंच व्हायचं. मुरबाड रोडवर मला चक्क धीर आला.

शहाडच्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं. थांबल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, रोज तुमच्या शेजारी बसत होते मी. एका शब्दाने सांगितलं का नाही?"

मामा हसले. त्यात कुरकुर नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाले, "गाडी गेली असती ना. आणि रोज एवढी रांग बघत होतो, मॅडम. म्हटलं, आपला पण नंबर येईल कधीतरी. तुम्ही बोलवाल."

अकरा वर्षं. गावोगावच्या अनोळखी माणसांना मी खुर्चीत बसवलं, त्यांच्या डोळ्यांत डोकावले, आणि जो मला तिथवर नेत होता त्याला त्या दिवसापर्यंत एकदाही 'बसा' म्हटलं नव्हतं. पुढची गाडी हलली. मी क्लच सोडला तो नीट सुटला नाही, पिकअप बंद पडली आणि ट्रेलरसकट मागे सरकायला लागली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. माझे डोळे भरले होते, समोरचं काही धड दिसत नव्हतं. मामांनी खिडकीतून डावा हात बाहेर काढून मागच्यांना थोपवलं.

"वाजवू द्या त्यांना," ते म्हणाले. "डोळे पुसा आधी. मी बसलोय ना. हां, आता हँडब्रेक ओढा आणि परत चालू करा."