साडूंच्या जीपच्या दोन बॅटऱ्या

जे जड आहे ते खरं आणि जे हलकं आहे ते खोटं, एवढ्या एका तत्त्वावर आख्खा जन्म सुखानं काढलेला माणूस मी एकच पाहिला आहे, तो म्हणजे माझे थोरले साडू. विट्याच्या अनेकांप्रमाणे त्यांनीही उमेदीची वर्षं दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळण्याच्या दुकानात, भट्टीपुढे बसून काढली. भट्टी सुटली, पण हातातला तराजू काही सुटला नाही. समोर येईल ती वस्तू ते तळहातावर घेतात, डोळे मिटून किंचित वरखाली करतात आणि मगच निकाल देतात. माझ्या लग्नात त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, आपुलकी आहे. ते घड्याळ तोलत होते. "घड्याळ हलकं हाय, पाव्हणं," ते म्हणाले, "पर मानूस बरा दिसतोय." एकदा दम लागला म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मागून घेऊन, त्याचं वजन पसंत पडल्यावरच त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. डॉक्टर साताऱ्याचे होते, त्यांना सवय नव्हती.

या तराजूला दाद न देणारी एकच व्यक्ती म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का. लग्न नवं असताना साडूंनी एक जुनी जीप घेतली आणि तिच्यातून अक्काला इस्लामपूरला माहेरी नेलं. परत निघताना, सगळी भावकी दारात उभी असताना, बॅटरीनं मान टाकली. अक्काला शालू नेसून जीप ढकलावी लागली. भावकी पोट धरून हसली. जीप सुरू झाली, पण अक्का चढली नाही. "ह्या गाडीत मी परत बसनार न्हाई," म्हणाली आणि एसटीनं घरी आली. तेव्हापासून गावाकडच्या प्रत्येक लग्नकार्याला अक्का एसटीनं जायची आणि साडू रिकामी जीप घेऊन एसटीच्या मागे. थांबा आला की जीपही थांबायची, साडू खिडकीखाली जाऊन शेंगांची पुडी वर द्यायचे आणि मग दोन्ही गाड्या पुढे निघायच्या.

दोन-तीन वर्षांपूर्वी अक्काच्या धाकट्या भावाची इस्लामपुरात वास्तुशांत निघाली आणि साडूंनी मनावर घेतलं. "आवंदा हिला म्हायेरच्या दारात जीपनं उतरवनार," त्यांनी मला फोन केला. "एक बॅटरी दगा देती. म्हनून दोन बसवतो." एक इंजिनासाठी आणि दुसरी गाडीतल्या छोट्या फ्रिजसाठी, कारण अक्काला उन्हाचा त्रास आणि गार ताकाची आवड. दुकानात त्यांनी अँपिअर, वॉरंटी असलं काही विचारलं नाही. वजनकाटा मागितला. सगळ्यांत जड आणि एकमेकींच्या तोडीच्या दोन निवडल्या. तांब्याची वायर चाकूनं खरवडली, तर आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. ती दुकानदाराला परत गेली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं, हेच दुर्दैव. मग वायरिंगवाल्यानं प्लास्टिकचा एक लहानसा डबा काढला. इंजिन बंद झालं की तो दोन बॅटऱ्यांना वेगळं करतो, म्हणजे फ्रिज आपल्याच बॅटरीचं खातो. साडूंनी डबा तळहातावर घेतला, डोळे मिटले.

"ह्यात कायबी न्हाई. कागदागत हाय."

"आवं आन्ना, ह्यो न्हाई लावला तर एकीसंगं दुसरीबी उतरंल."

"दोघी अस्सल हायत. मदी पडदा कशाला? तांब्यानं थेट जोड."

डबा घरातल्या कोनाड्यात गेला.

माझी बायको आधीच माहेरी गेली होती. मी वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी विट्याला पोचलो. अक्का पिशवी घेऊन एसटीसाठी बाहेर पडली. साडूंनी जीपचं दार उघडून धरलं. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि बसली. साडूंनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. ताक गार व्हावं म्हणून आदल्या संध्याकाळपासून फ्रिज चालू होता आणि त्यानं दोन्ही बॅटऱ्या कसलाही भेदभाव न करता संपवल्या होत्या. ताक मात्र उत्तम गार झालं होतं.

साडूंचा चेहरा एवढासा झाला. "जा तू," ते खाली बघत म्हणाले. "एसटी गावंल अजून."

अक्का उतरली. पिशवी सीटवरच ठेवली, पदर खोचला आणि जीपच्या मागे आली. "पाव्हणं, लावा हात," ती मला म्हणाली आणि पुढे साडूंना ओरडली, "आवं, दुसऱ्या गेरमदी टाका!"

ढकलता ढकलता मी धापा टाकत म्हटलं, "अक्का, पुन्हा तेच की!"

"तेच न्हाई," अक्का म्हणाली. "तवा भावकीसंगं ह्येबी हसले व्हते. आज न्हाई हसले."

उतार लागला, जीप खोकली, सुरू झाली. अक्का धावत जाऊन बसली आणि मी मागून कसाबसा चढलो. साडूंनी इस्लामपूरपर्यंतच काय, वास्तुशांत उरकेपर्यंत इंजिन बंद केलं नाही. जीप दारात धडधडत होती आणि भटजी मंत्र ओरडून म्हणत होते.

आता साडूंना नीट दिसत नाही, जीप अंगणातच असते. डबा बसवलाय. "हलका हाय, पर काम करतोय," असं ते नाइलाजानं कबूल करतात. संध्याकाळी दोघं जीपमध्ये शेजारी बसून गार ताक पितात. परवा निघताना मी मागे वळून पाहिलं, तर साडूंनी अक्काचा हात तळहातावर घेतला होता. डोळे मिटलेले होते. मी बराच वेळ उभा राहिलो, पण निकाल काही त्यांनी दिला नाही.