वरणात गुळाचा खडा

ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मोहल्ल्यात, मुलांना मराठी शिकवायला मला एकच जागा मिळाली होती: शेजारच्या काकूंची बैठक. या काकूंना विचारल्याशिवाय आमच्या पाऱ्यात सूर्यही उगवत नाही, हे मी शपथेवर सांगतो.

अकरा पोट्टे-पोट्ट्या. मराठी सगळ्यांना कळे, उत्तर मात्र हिंदीत. धडा उघडला की अकराही जणांना एकदम तहान लागायची, तेलीबांधा तलाव आटेल एवढी. म्हणून मी एक चित्रकथा काढली आणि झेरॉक्स करून वाटली. तिच्यातल्या बाईचं नाक एवढं मोठं, की ती इथे शिंकली तर तिकडे पंडरीच्या कापडबाजारात तागे उलगडत. पोरं खिदळत मराठी वाचू लागली. नाक कुणाचं, ते सांगायची गरजच नव्हती.

एका शनिवारी भर वर्गात एका पोट्टीने आपली प्रत काकूंना नेऊन दिली. "काकू, देखो, आपकी कहानी!"

काकूंनी चष्मा लावला. पहिलं पान, नाक. बैठक गेली तर वर्ग गेला. माझ्या दोन खोल्यांत बायको, सासूबाई आणि शिलाई मशीनच कसेबसे मावतात. दुसरं पान, शिंक. काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. पोरांनी श्वास रोखले. छताचा पंखासुद्धा थांबला. लाइट गेली असेल, पण तेव्हा मला तसं मुळीच वाटलं नाही.

पाचव्या पानावर बोट थांबलं.

"हे बाई काय करून राहिली?"

"वरण, काकू."

"अन् हातात?"

"गुळाचा... खडा."

"वरणात गूळ?" काकू उभ्याच राहिल्या. "मले पुण्याची समजला काय तू?"

"और नाक?" एक पोट्टा पुटपुटला. मी त्याला डोळ्यांनीच जमिनीत गाडला.

"नाक आहेच मोठं, त्यात खोटं काय? पण हा गूळ माझ्या विहिणीनं पाहिला तर? आताच्या आता नीट कर. नाही तर उद्यापासून दुसरी जागा पाहा."

मी गुळावर लाल मिरची काढली.

"एकच?"

पाच काढल्या. काकूंनी पान डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, आणि बाकीच्या दहा प्रती मागवल्या. पोरं लाल पेनं घेऊन तुटून पडली.

"और कितनी, काकू?"

"मराठीत विचार."

पोट्टी अडखळली. "आणखी... किती, काकू?"

"डोळ्यांत पाणी येईस्तोवर," काकू म्हणाल्या, आणि मला उठवून स्वतःच माझ्या जागेवर बसल्या.