मेव्हण्याचा आवाज

अण्णांचा आवाज आधीच गेला होता. आज सकाळी अण्णाही गेले.

कुंभकोणमचे आमचे गोविंदअण्णा. तुमच्यापैकी कुणीच त्यांना पडद्यावर पाहिलेलं नाही. त्याला कारण मी आहे, म्हणून लिहितेय.

मी माझ्या फिल्मसाठी लोकेशन बघायला पुण्याहून तिकडे गेले होते. जवळच तिरुभुवनमला एका रेशमी साड्यांच्या दुकानात सहज शिरले. काउंटरवर अण्णा. पूर्वज तंजावरच्या मराठा दरबारात, त्यामुळे घरात अजून जुनं मराठी.

फोनवरचं माझं बोलणं ऐकून म्हणाले, "मराठीच की ग तू! बैस. घेऊ नकोस, नुसता हात लावून पाहा."

मी साडी नेसत नाही. दोन घेऊन बाहेर पडले.

तिथेच ठरलं, फिल्ममधला आपला मेव्हणा सापडला!

फिल्मची गोष्ट साधी. इंग्रजांनी तंजावर खालसा केलंय. राणीचे दागिने एका जुन्या चाकराने लपवलेत. त्याचा मेव्हणा रोज जेवण घेऊन येतो आणि गोड बोलून सांगतो, साहेबाला देऊन टाक, नोकरी मिळेल, पोरं जगतील.

अण्णांनी विचारलं, "हा दुष्ट म्हणतेस. मग ह्याचे बोलणे मला खरे का वाटते?"

"कारण पोरं खरंच उपाशी आहेत, अण्णा."

"सरि, बरे. मग मी त्यास दुष्ट करणार नाही."

आणि नाहीच केलं. मॉनिटरसमोर आमचं अख्खं युनिट दागिने द्यायला तयार!

शूटिंग संपलं. मग घशाचा कॅन्सर. ऑपरेशन. आवाज कायमचा बंद.

त्याच सुमारास एक ओटीटी प्लॅटफॉर्म फिल्म घ्यायला तयार झाला. अट एकच. म्हाताऱ्याचं मराठी विचित्र वाटतं, दुसऱ्या नटाकडून डब करून घ्या.

डोकंच फिरलं माझं. पण खोटं कशाला बोलू, मोह झाला. जीव ओतला होता हो या फिल्ममध्ये.

कुंभकोणमला गेले, अण्णांनाच विचारायला. त्यांनी मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "कर की डब. लोक पाहतील तरी. घे ग, पस्तावणार नाहीस."

चेहऱ्यावर तेच दुकानातलं हसू.

अक्का, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "नको ग. ह्यांचा आवाज घरी आता कोठेच नाही. तुजपाशी तेवढा आहे."

मी प्लॅटफॉर्मला नाही म्हणून कळवलं. अण्णा भयंकर चिडले माझ्यावर. तेवढा एकच माल त्यांना मला विकता आला नाही.

त्यानंतर कुणी विचारलं नाही. फिल्म अजून माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहे.

आज अक्काचा फोन. "लोक जमलेत. उचलायच्या आधी ते लाव ग, मेव्हणा बोलतो ते."

लॅपटॉपसमोर फोन धरला. तो प्रसंग लावला.

"बैस रे. श्रमलास. आधी जेव, मग विचार कर."

मग अक्का एवढंच म्हणाली, "आणिक एकवार."

लावलं. रडत रडत लावलं.

अण्णा, तुमचं बरोबर होतं की माझं, अजून कळत नाही मला.

बैसा आता. श्रमलात.