किस्नाबाईचं बोलणं

शिवगंगा अंगणात उडीद पाखडत बसली होती, तेव्हा डेन्मार्कहून तो फोन आला. दुपारचे दोन वाजून गेले होते. सून चैत्रा भालकीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होती. लांबलचक अनोळखी नंबर बघून तिनं बिचकतच फोन उचलला, चार वाक्यं इंग्रजीत बोलली आणि सासूकडं वळली.

“आत्या, किस्नाबाईंची भाची हाय. मेटे म्हणून. बाईंना मेंदूचा झटका आलाय, तीन आठवडे झाले.”

शिवगंगाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “हाय का गेली?”

“हायत. पण त्यांची तिकडची भाषाच गेलीया म्हणे. इंग्रजी पण गेली. काहीतरी बोलतात, कुणालाच कळत नाही. नर्सबायांना आधी नुसती बडबड वाटली. मग एकीच्या ध्यानात आलं, तेच तेच शब्द पुन्हा यायलेत. बाईंच्या जुन्या वहीत आपला नंबर सापडला. ही मराठी असंल का म्हणून विचारायलीय.”

मेटेनं फोन पलंगाजवळ नेला. पडद्यावर पांढरी उशी दिसली आणि उशीवर एवढंसं झालेलं तोंड, एका अंगाला ओढलेलं. शिवगंगानं ओळखलं ते निळ्या डोळ्यांवरून. किस्नाबाई छताकडं बघत म्हणत होती, “पाय बांधलेत माझे. सोडा की गं कुणीतरी. पाय बांधलेत.”

शब्द जिभेवरून घसरत होते, पण मराठी चोख मेहकर गावची होती.

“पाय बांधलेत म्हनायलीय,” शिवगंगा चैत्राला म्हणाली. चैत्रानं ते इंग्रजीत सांगितलं. तिकडं थोडी धावपळ झाली. रक्त साकळू नये म्हणून बाईच्या पायात मांडीपर्यंत घट्ट मोजे चढवले होते, ते नर्सनं उतरवले. मेटे रडायला लागली. तीन आठवडे ती बाई एकच गोष्ट सांगत होती, आणि खोलीत येणारा-जाणारा तिला मान डोलवून हसून दाखवत होता.

किस्नाबाईचं खरं नाव कर्स्टन. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, सव्वीस वर्षांची असताना, ती बीदर जिल्ह्यातल्या आमच्या मेहकरला आली. रस्त्याच्या कडेला तांबड्या दगडाच्या दोन खोल्या होत्या, त्यात तिनं बाळंतिणींचा आणि लेकरांचा दवाखाना मांडला. तिच्या गावातल्या चर्चच्या आधारावर तो चालायचा. तिथल्या म्हाताऱ्या बाया सुती पट्ट्या विणून पाठवायच्या, लेकरांसाठी लोकरीची टोपडी पाठवायच्या. चैत्र-वैशाखात ती टोपडी बघून आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण पौषात त्यांच्यावरून भांडणं लागायची. कर्स्टन हे नाव कुणाच्या जिभेवर ठरेना. कुणी किस्टन म्हणे, कुणी किस्तन. वर्षभरात तिची किस्नाबाई झाली.

येण्याआधी ती सहा महिने शहरात एका शास्त्रीबुवांकडं मराठी शिकली होती. अडलेल्या बाईला ती विचारायची, “आपणांस वेदना कोठे होत आहेत?” बाई कळा विसरून तिच्या तोंडाकडं बघत राहायची. शिवगंगा वीस वर्षांची असताना नणंदेला घेऊन तिथं गेली आणि हा प्रश्न तिनं ऐकला. तिनं तो नणंदेला कानडीत सांगितला, शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान बाईला दखनीत सांगितला, आणि मग किस्नाबाईला म्हणाली, “बाई, असं न्हाई. कुठं दुखायलंय, असं म्हना.”

“कुठं दुखायलंय,” किस्नाबाई म्हणाली. मग वही काढून लिहून घेतलं. “उद्या येशील?”

घरात गहजब झाला. नवरा काशप्पा गप्प राहिला, पण भाऊबंद म्हणाले, किरिस्ताव करतील पोरीला. सासू सिद्धम्मा शेवटी स्वतःच जाऊन दवाखान्याच्या ओसरीवर बसली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसून सगळं बघितलं, आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, “जाऊ द्या तिला. तिथं हात कमी पडायलेत.”

शिवगंगा गेली ती पस्तीस वर्षांच्या वर जात राहिली. नाळ कापायला शिकली, सुई टोचायला शिकली. किस्नाबाईच्या जिभेवरची शास्त्रीबुवांची मराठी मात्र तिनं पार पुसून टाकली. किस्नाबाई ‘का’ न म्हणता ‘कामून’ म्हणायला लागली, ‘होय’चं ‘व्हय’ झालं. रागावली की ती शिवगंगासारखंच कमरेवर हात ठेवून “काय करायलीस गं हे?” म्हणायची. डोळे मिटून ऐकलं तर दोघींपैकी कोण बोलतंय ते उमगायचं नाही.

रविवारी दवाखान्याच्या मागं पाच-सहा माणसांची प्रार्थना व्हायची. शिवगंगा तेव्हा बाहेर औषधाच्या बाटल्या उकळत असायची. किस्नाबाईनं तिला एकदाच विचारलं, “तुला आत यावंसं वाटत न्हाई?” शिवगंगानं गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर, करडगीवर, हात ठेवला. “माझा देव इथं हाय, बाई. आनखी एक आला तर दोघांची भांडनं कोन सोडवंल?” किस्नाबाई पोट धरून हसली. परत कधी विचारलं नाही.

दोन हजार एकोणीसला किस्नाबाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून गेली. तीन महिन्यांत येते म्हणाली होती. मग करोना आला, आणि नंतर इकडं यायची परवानगी काही मिळाली नाही. तिकडच्या चर्चमधली म्हातारी माणसं एकेक करत गेली, चर्च बंद पडलं, आणि त्यापाठोपाठ मेहकरचा दवाखानाही. चार-सहा महिन्यांतून एकदा किस्नाबाईचा फोन यायचा. कुणाचं लग्न झालं, कुणाला काय झालं, सगळं विचारायची.

आता रोज फोन यायला लागला. तिकडची सकाळ म्हणजे इकडची दुपार. चैत्रानं मेटेला वीस-पंचवीस शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवले: पाणी, दुखायलंय, नको, थंडी वाजायलीय, उठून बसव. मेटेनं तो कागद पलंगाच्या वर भिंतीला चिकटवला. पहिल्या आठवड्यात शिवगंगाला बरं वाटलं. बाईला उशी उंच पाहिजे, खिडकी उघडी पाहिजे, ते गोड आंबट दही नको, आमटीत बुडवून भाकरी पाहिजे. भाकरी तिथं कुठली मिळायला! नर्सनं पाव बुडवून दिला, तिनं तो थुंकून टाकला.

दुसऱ्या आठवड्यात किस्नाबाई मेहकरात राहायला लागली. “शिवगंगे, दार उघड. भाईर गाडी आलीया. बाई अडलीय.” ती उठायची, पलंगाच्या कठड्यावरून पाय टाकायची. एकदा खाली पडली, कपाळाला खोक पडली. मेटेनं चैत्राला विनवलं: सासूबाईंना सांगा, तिला पडून राहायला सांगा, तुमचंच ऐकते ती.

शिवगंगानं फोन तोंडाजवळ धरला. “बाई, झोपा तुमी. मी हाय की. बाळ झालं.”

“झालं? पोरगा का पोरगी?”

“पोरगी.”

“रडली का?”

“लई जोरात. मायलेकरू बरी हायत. तुमी झोपा.”

किस्नाबाई झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी आली, पुन्हा बाई अडली. शिवगंगानं पुन्हा बाळंतपण केलं. पंधरा दिवसांत तिनं अंगणात बसून चौदा-पंधरा लेकरं जन्माला घातली. कधी पायाळू, कधी जुळी. शेजारची राजूबाई ऐकून खुळ्यासारखी बघायची. शिवगंगा फोन ठेवायची आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसायची. सात समुद्रापलीकडं त्या बाईला तहान लागली तर हिला कळायचं, आणि पाण्याचा पेला मात्र हिच्याच्यानं तिच्या ओठाला लावता येत नव्हता.

“मला जायचंय,” एका दुपारी ती लेकाला म्हणाली. बसवप्रभूचं भालकीत बी-बियाणांचं दुकान होतं. तो आईला कधी नाही म्हणत नसे. त्यानं पासपोर्टला अर्ज घातला. तिथं मशीनवर शिवगंगाची बोटं उमटेनात. सगळा जन्म पाण्यात, डेटॉलात आणि राखेत गेलेली बोटं. रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा कशीबशी तीन बोटं उमटली. मेटेनं तिकडून बोलावण्याचं पत्र पाठवलं. पासपोर्ट हातात आला, व्हिसाचा अर्ज गेला, आणि पुढं नुसती वाट बघायची राहिली. डॉक्टर म्हणायलेत, फार दिवस नाहीत, असं मेटेनं चैत्राला सांगितलं. चैत्रानं ते सासूला दोन दिवस सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात किस्नाबाईनं मल्लेश्वरीचं नाव काढलं.

मल्लेश्वरी तीस वर्षांपूर्वीची. लांबच्या तांड्यावरून तिला फार उशिरा आणलं होतं. रक्त थांबत नव्हतं. बीदरला न्यायला जीप येईपर्यंत ती गेली, पोटातलंही गेलं. त्या दिवशी किस्नाबाई दवाखान्यामागं दगडावर एकच चादर धूत बसली होती. स्वच्छ झाली तरी धूत होती. शिवगंगानं हाताला धरून उठवलं तेव्हा उठली.

“मल्लेश्वरीची नाडी बघ,” किस्नाबाई फोनवर म्हणाली. “लवकर बघ गं.”

शिवगंगा म्हणाली, “बगितली, बाई. चांगली चालायलीय.”

“रक्त?”

“थांबलं.”

पडद्यावरचे निळे डोळे पहिल्यांदाच छतावरून हलले आणि सरळ तिच्याकडं वळले. “खोटं बोलायलीस,” किस्नाबाई म्हणाली. “तू कामून खोटं बोलायलीस, शिवगंगे?”

शिवगंगानं फोन चैत्राच्या हातात दिला आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. मेटे तिकडून विचारत होती, काय झालं, काय म्हणाली ती? चैत्रा म्हणाली, जुन्या एका पेशंटची आठवण निघाली.

दुसऱ्या दिवशी शिवगंगानं स्वतःच फोन लावायला सांगितला. किस्नाबाईला कालचं काही आठवत नव्हतं. ती फक्त म्हणाली, “घरी ने मला.”

“कुठल्या घरी, बाई?”

“कुठल्या म्हंजे? आपल्या. मेहकरला.”

“यायलेय मी,” शिवगंगा म्हणाली. “कागद व्हायलेत. आले की निघाले.”

“कवा?”

“बेगी येते.”

हे तरी खोटं नव्हतं असं तिला वाटत होतं. पण व्हिसा आला नाही. आणखी कागद जोडा असं उत्तर आलं. बसवप्रभूनं ते जोडून पाठवले. तोवर दुसरा झटका आला. त्यानंतर किस्नाबाईचं बोलणं बदललं. ती बोलायची, पण ते मराठी नव्हतं, आणि मेटे म्हणाली, आमचंही नाही. तोंडातून नुसते सूर निघायचे. शिवगंगा फोन कानाला लावून ऐकायची, “बाई, मी हाय,” म्हणायची. पलीकडून कधी उं यायचं, कधी काहीच नाही.

एका सोमवारी मेटेनं लिहून कळवलं: मावशी पहाटे गेली. शांतपणे गेली. अंत्यविधी फोनवर दाखवला. घरातली सगळी, राजूबाई, आणखी दहा-बारा बाया अंगणात जमल्या. त्यातल्या सगळ्या त्याच दवाखान्यात बाळंत झालेल्या. पाद्रीबुवा बोलले, कुणाला अक्षर कळलं नाही. शवपेटी पांढरी होती. बायांनी हात जोडले. यल्लम्मा नावाची एक म्हातारी मोठ्यानं रडली, आणि तिकडच्या दहा-बारा माणसांनी वळून फोनकडं बघितलं.

आठवड्यानं मेटेनं एक आवाजाचा तुकडा पाठवला. सोबत लिहिलं होतं: शेवटच्या दोन दिवसांत मावशी हेच सारखं म्हणत होती. अर्थ कळला तर फार उपकार होतील. तुकडा चार-पाच सेकंदांचा होता. शिवगंगानं तो ऐकला, पुन्हा ऐकला. ‘पाणी’ असेल म्हणावं तर पुढचा शब्द जुळेना. ‘पोरगी’ म्हणावं तर सुरुवात वेगळी. तिनं तो निंबर्ग्याहून आलेल्या चैत्राच्या आईला ऐकवला, आपल्या कानातून निसटलेली कानडी तर नाही ना म्हणून. चिटगुप्प्याच्या बाजारात ओळखीच्या दखनी बोलणाऱ्या भाजीवालीला ऐकवला. औरादकडच्या एका तेलुगू बाईलाही ऐकवला. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

“आत्या,” चैत्रा हळूच म्हणाली, “देवाचं नाव घेत होत्या असं लिहू का? त्यांना बरं वाटेल. कोण विचारायला येणारंय?”

शिवगंगानं फोन पदरानं पुसून मांडीवर ठेवला.

“तिला खोटं सांगितलं ते तिला झोप लागावी म्हनून,” ती म्हणाली. “तरी धरलं तिनं मला. नको. कळलं न्हाई म्हनून लिव्ह.”

चैत्रानं तसं लिहिलं. मेटेचं उत्तर लगेच आलं: तरीही आभार.

शिवगंगानं आवाज आणखी एकदा लावायला सांगितला. अंगणात कुणीतरी कोंबड्या हाकत होतं, त्यात तो नीट ऐकू आला नाही, म्हणून ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.