चालकाशी बोलू नये

बस डेपोत तिला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर कुणाची टाप नव्हती, पण पाठीमागे म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. बस चालवणाऱ्या बायका त्या शहरात मोजक्याच. त्यांतली ही एक, आणि हॉर्न वाजवण्यात भल्याभल्या पुरुषांना हार जाणारी नव्हती. हिरवा दिवा लागूनही पुढचा मोटारवाला झोपा काढत असला, की ती हॉर्नवर तळहात दाबायची आणि तो हलेपर्यंत उचलायची नाही. लोकांच्या नाकावर राग असतो, हिचा तळहातात होता.

नवरा घड्याळजी. बाजारात एका जिन्याखाली त्याचं कपाटाएवढं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर तो दुसऱ्यांच्या घड्याळांची आतडी नीट करत बसे. घरात तो क्वचितच बोले. घड्याळं मी दुरुस्त करतो, गजर तेवढा ही करते, असं तो एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला होता, आणि त्याबद्दल पुढे आठवडाभर त्याला ऐकून घ्यावं लागलं होतं.

अर्धं आयुष्य हलत्या सीटवर गेल्यामुळे भोंगाबाईची पाठ कामातून गेली होती. तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनाशी धरली होती. आपली एकुलती एक मुलगी न हलणाऱ्या खुर्चीवर बसली पाहिजे. समोर टेबल, वर पंखा, पायाखाली थारा असलेली जमीन. म्हणून मुलीला कॉमर्सला घातलं. पोरीला विचारलं का? विचारायचं काय त्यात? तहानलेल्याला कुणी विचारतं का, पाणी कोणत्या भांड्यातून देऊ?

कॉलेज तिच्याच सकाळच्या फेरीच्या वाटेवर होतं. मुलगी रोज आईच्याच गाडीने जाई आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर बसे. समोरच्या पत्र्यावर लाल अक्षरांत पाटी होती : वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. असल्या पाट्या लोक थुंकू नये, वाकू नये यांच्या रांगेत बसवतात. भोंगाबाईला ती वेदवाक्य होती. मुलगी शाळेत असताना एकदा मागून "आई, ते बघ" म्हणाली होती, तेव्हा पुढच्या स्टॉपवर सगळ्या गाडीदेखत तिला असं झापलं होतं, की त्या दिवसापासून पोरीने गाडीत तोंड उघडलं नाही. आणि घरी? घरी पाठ धरून आलेली बाई आधी डेपो मॅनेजरचा उद्धार करणार, मग ट्रॅफिकचा, मग भाजीच्या भावाचा. तिथे दुसऱ्याला शब्द टाकायला फट सापडायची नाही.

कामावर असताना भोंगाबाईचा मोबाईल सीटखालच्या पेटीत कुलपात असे. बाहेर काढल्यावरही आलेले मेसेज ती उघडत नसे. सगळ्या मेल्या जाहिराती, असं तिचं ठाम मत. एका दुपारी शेवटच्या थांब्यावर चहा पिताना नवऱ्याला फोन लावायचा म्हणून तिने मोबाईल काढला, आणि बोट चुकून भलतीकडेच पडलं. कॉलेजचा मेसेज होता. आपल्या पाल्याची हजेरी अपुरी आहे, दोन्ही चाचण्यांना ती गैरहजर होती, अभ्यासाची प्रगती शून्य आहे. ही शेवटची सूचना. पालकांसह येऊन भेटावे, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. वर चाळलं तर गाद्यांच्या आणि कर्जाच्या जाहिरातींमध्ये याच्या आधीच्याही सूचना निघाल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती कुणावर, ते बघा. मुलीवर नाही. शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. ज्या पोरीला मी स्वतः रोज गेटवर उतरवते, आरशातून आत जाताना बघते, तिची हजेरी अपुरी? हे वर्गातल्या हजेरीच्या थंब मशीनचं आणि खुर्चीत पेंगणाऱ्या कारकुनांचं काम. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मुलीला तिने घरी काही विचारलंदेखील नाही. उद्या कॉलेजात येतेय, एवढंच सांगितलं. मुलगी पांढरीफटक पडली, पण ते बघायला भोंगाबाई जागेवर होती कुठे? ती मनातल्या मनात हेडक्लार्कशी भांडायला लागलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी फेरी बदलून घेऊन ती मुलीसह ड्रायव्हरच्या गणवेशातच कॉलेजच्या ऑफिसात उभी राहिली. तिथे काच होती, आणि काचेला पोटाच्या उंचीवर अर्धगोल भोक. साहेबाशी बोलायचं तर प्रत्येकाने कमरेत वाकायचं. ज्याने ही काच बसवली त्याला पालकांचे चेहरे बघायचे नसावेत, नमस्कार तेवढे हवे असावेत. भोंगाबाई वाकली नाही. काचेच्या वरून बोलली, आणि तिचा आवाज काच नसल्यासारखा पलीकडे गेला. आत हेडक्लार्क बसला होता. समोर टेबल, वर पंखा, आणि खुर्ची जराही न हलणारी.

तो शांत होता. नियम मी केलेले नाहीत, हे त्याने आधी सांगितलं. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. दोन चाचण्या बुडाल्या की प्रगतीचा रकाना कोरा राहतो आणि कोऱ्या रकान्याला पुढच्या वर्गात ढकलता येत नाही. मुलांना घरून निघायला काय लागतं, वाटेत फाटे पुष्कळ असतात, असंही तो वर म्हणाला. एव्हाना फी भरायला आलेली पोरं रांग मोडून तमाशा बघायला जमली होती.

"फाटे? माझ्या गाडीला फाटे नाहीत," भोंगाबाई काचेवर हात आपटून म्हणाली. "या डोळ्यांनी मी तिला रोज आत जाताना बघते. तुमचं मशीन खोटं बोलत असेल. मी नाही बोलत."

"आई," शेजारी उभी असलेली मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "ते खरं सांगतायत. मी वर्गात नव्हते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एवढी मोठी बाई चारचौघांत तोंडघशी पडली होती, आणि पाडणारी तिच्या पोटची होती. तिने मुलीचं मनगट धरलं आणि तिला व्हरांड्यात ओढत नेलं. या वयाच्या मुली आईला हातावर तुरी देऊन जिथे जिथे जातात त्या सगळ्या जागा तिच्या डोक्यातून भराभर गेल्या, आणि दर जागेला मनगटावरची पकड आवळत गेली. कुठे जात होतीस, कुणाबरोबर, कधीपासून, असं तिने दात ओठ खात विचारलं.

"कुठेच नाही. रोज इथेच होते," मुलगी म्हणाली. "हात सोड, दाखवते."

तळमजल्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या पलीकडे एक लांबट खोली होती. ज्या विषयाला पोरं कमी, त्याच्या नशिबी अशीच खोली येते. टेबलांवर लाकडी ट्रे होते, ट्रेमध्ये दगड, आणि प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगात नंबर. हाताला धूळ लागलेल्या एक मॅडम एक दगड पुसत होत्या. मान वर न करताच त्या मुलीला म्हणाल्या, उशीर केलास, तुझा ट्रे तसाच ठेवलाय. मग त्यांनी मान वर केली आणि गणवेशातली बाई बघून त्या गांगरल्या.

गोष्ट साधी होती, म्हणूनच जास्त संताप आणणारी होती. पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सच्या वर्गाची खोली बदलली आणि त्याची पाटी लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. पोरगी चुकून भूगर्भशास्त्राच्या वर्गात शिरली. मॅडमनी तिच्या दोन्ही हातांत एकेक दगड दिला आणि यातला समुद्राखालून आलेला कोणता, असं विचारलं. तिला आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम चुकली. नंतर वर्षभर चुकत राहिली. मॅडमना कधी नवल वाटलं नाही, कारण त्या मशीनवर विसंबत नसत आणि नावंही घेत नसत. मुलांना खाणीत आणि डोंगरात न्यायचं, तिथे नावं पुकारायला वेळ कुठला? चढताना डोकी मोजायची, उतरताना मोजायची. वर्गातही त्या डोकीच मोजत आणि आकडा ऑफिसात पाठवत. सगळी मुलं हजर असली की तो आकडा पटावरच्या संख्येपेक्षा एकाने जास्त निघे आणि ऑफिसातून परत येई. मॅडम, पटावर आहेत त्यांच्यापेक्षा जास्त मुलं हजर कशी? नीट मोजत चला.

"सारखं तेच ऐकून मलाही वाटायला लागलं, माझंच चुकतंय," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "मग मी पाठवतानाच एक कमी करायला लागले."

भोंगाबाई त्या ट्रेपाशी उभी राहिली. दगडांशेजारी एक भिंग पडलं होतं, कड झिजलेलं. ते तिने ओळखलं. घड्याळजीचं जुनं भिंग.

आता राग कुठल्या खिडकीतून कुणावर काढावा हेच तिला कळेना. तिकीट न काढता बसलेले उतारू तिने आजवर कितीतरी वेळा खाली उतरवले होते. पण उतरवले होते म्हणजे गाडीत होते म्हणूनच ना? गाडीत बसलेलं माणूस गाडीत नाहीच असं म्हणायची अक्कल डेपोत कुणाला सुचली नव्हती. त्याला कॉलेजच लागतं.

ऑफिसात परत आल्यावर तिने सगळं सांगितलं. हेडक्लार्कने ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. मार्ग आहे, तो म्हणाला. समोरच्या गल्लीत डॉक्टर आहेत, त्यांना मजकूर माहीत आहे. कावीळ दाखवायची, सगळे तेच दाखवतात. हजेरी माफ होते, चाचण्या पुन्हा घेता येतात, कॉमर्सचं नाव टिकतं. नाहीतर नाव आजच कमी होणार, आणि दगडांच्या वर्गात जायचं तर पुढच्या वर्षी, तेही पहिल्यापासून. एवढं बोलून त्याने छापील कागद भोकातून पुढे सरकवला.

आणि भोंगाबाईने पेन घेतलं. खोटं कशाला सांगा, तिला सही करायचीच होती. एका सहीत वर्ष वाचत होतं, खुर्ची वाचत होती, सगळं जिथल्या तिथे राहत होतं. त्यासाठी ती पहिल्यांदा त्या भोकापाशी वाकलीसुद्धा. 'माझी पाल्य आजारी असल्यामुळे' इथपर्यंत तिने वाचलं आणि तिचा हात थांबला. वर्षभरात या पोरीला साधी सर्दी झाली नव्हती. आईच्या आधी उठून दोघींचे डबे भरत होती. एक फेरी तिने चुकवली नव्हती.

"ही आजारी नव्हती," ती म्हणाली. या वेळी आवाज चढला नाही. "वर्षभर ती याच इमारतीत होती. एका खोलीत तुम्ही तिला गैरहजर लिहिलंत. दुसऱ्या खोलीत होती, तर तिथून खोडलीत. आता मी लिहून देऊ, ती घरी अंथरुणात होती? मग माझी मुलगी होती कुठे, साहेब?"

साहेबाने घड्याळाकडे बघितलं. भोंगाबाईने कागद परत आत ढकलला आणि नाव कमी करा म्हणाली. ते काम मात्र झटपट झालं. पोरगी वर्षभर कुठे बसते हे ज्या ऑफिसाला सापडलं नव्हतं, त्याला तिचं ओळखपत्र काढून घ्यायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

बस स्टॉपवर आल्यावर तिचा बांध फुटला. लोकांसमोर मला उघडं पाडलंस, वर्ष मातीत घातलंस, आणि बापाचं भिंग मागता येतं तर मला एका शब्दाने सांगता येत नव्हतं?

"कधी सांगू?" मुलगी उसळून म्हणाली. तो आवाज हुबेहूब आईचा होता. "गाडीत बोलायचं नाही. घरी तू कुणाला बोलू देत नाहीस. बाबांना भिंग मागितलं, त्यांनी दिलं. तुला काय मागणार? तू तर न मागताच देऊन मोकळी होतेस."

भोंगाबाईचा हात उठला. तो तिने तसाच खाली घेतला. त्या दोघी दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीने, वेगवेगळ्या सीटवर बसून घरी आल्या. रात्री घड्याळजीला तिने खडसावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मागितलं, दिलं, कशाला ते तिने आपणहून सांगितलं. तिला या उत्तराचा सगळ्यांत जास्त राग आला, आणि तो कुणावर काढण्यासारखा नव्हता.

सकाळी मुलगी गाडीत चढली आणि नेहमीच्या सीटवर बसली. नाव नसलं तरी मागच्या बाकावर येऊन बस, असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. त्या दिवशी भोंगाबाईने सिग्नलला, सायकलवाल्याला, रिकाम्या रस्त्यालासुद्धा हॉर्न दिला. कॉलेजचा स्टॉप आला. उतरणारे उतरले. मुलगी उठली.

"बस खाली," आई म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

नोकरीत तिने एकाही स्टॉपवर गाडी कारणाशिवाय थांबवली नव्हती. गाडी बिघडली का, असं मागून कुणीतरी विचारलं. कुणी कामावर उशीर होतोय म्हणून कुरकुरलं. भोंगाबाई सीटवरच मागे वळली. पाठीतून कळ गेली, तरी ती पूर्ण वळली, लाल पाटीखालून मुलीच्या तोंडासमोर येईपर्यंत.

"गाडी बंद आहे," ती म्हणाली. "बोल."

मुलीने पाटीकडे बघितलं, मग आईकडे.

"मला तुझा राग येतो," ती म्हणाली. "वर्षभर येतोय."

मागे खोळंबलेल्या गाडीने हॉर्न दिला. तिच्या मागच्या गाडीनेही दिला, आणि तो थांबेना.

"ऐकतेय," भोंगाबाई म्हणाली. "पुढे बोल."