हरमल वगळून

दुसऱ्याचं चांगलं झालेलं गोकुळदासला सोसत नसे. हे त्याची बायको चंद्रावती म्हणे, आणि तीस वर्षांच्या संसारानंतर तिचा शब्द खरा धरायला हरकत नाही. शेजाऱ्याच्या काजूला मोहोर जास्त आला तरी ह्याला दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

पेडण्यातल्या एका लहानशा लोककला संस्थेत तो चौदा वर्षं कारकून होता. कारकून नुसता नावाला, खरं काम गाणी गोळा करायचं. पौषात गावोगावच्या मांडावर बायका धालो खेळतात आणि गातात. त्या अंगणात बाप्यामाणसाने पाय ठेवायचा नाही, ही रीत. म्हणून गोकुळदास रेकॉर्डर धरून कुंपणाबाहेर उभा राही. थंडीने कुडकुडे, कुत्री भुंकत, वारा अर्धे शब्द पळवी. उरलेले तो घेऊन येई. असे त्याने बावीस मांड जमवले, प्रत्येक गावाच्या नावाचा एक फोल्डर. त्यातला हरमलचा मांड त्याच्या जिवाचा. आईचं, वत्सलाचं, ते माहेर. म्हातारपणी तिला मानाने बोलावून नेलं होतं आणि तिने एकवीस गाणी म्हटली होती. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता, गोकुळदासच्या कॉम्प्युटरमध्ये.

मग संस्थेत तनया आली. कारापूरची, पंचवीस वर्षांची, कॉम्प्युटर शिकलेली. पहिल्याच पौषात ती हरमलला गेली आणि सरळ मांडावर जाऊन बसली. बाईमाणूस, तिला कोण अडवणार? तिच्या रेकॉर्डिंगमध्ये बांगड्यांचा आवाज येई, गाणारीने घेतलेला श्वाससुद्धा येई. संस्थेच्या अध्यक्ष विनोदिनीबाईंनी ते ऐकून डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “गोकुळदास, चवदा वर्सां आमी नुसती कुत्रीच आयकत रवलों रे!”

सगळे हसले. गोकुळदासही हसला. पण आत अंगाचा तिळपापड झाला. आपण कुंपणाबाहेर झिजवलेली वर्षं ह्या पोरीने एका बैठकीत मातीमोल केली, एवढंच त्याला दिसत होतं. तिचा काय गुण, बाई म्हणून जन्मली हाच ना?

तेवढ्यावर भागलं नाही. दर शनिवारी संस्थेतल्या तिन्ही कॉम्प्युटरमधली गाणी दोन हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचं काम त्याचं होतं. प्रत्येक मशीनसमोर बसायचं, एकेक फोल्डर ओढायचा, मग डिस्क चंद्रावतीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात. तनयाने तेही काढून घेतलं. त्याच दोन डिस्क पुसून तिने बॅकअपचं नवं साधन बसवलं. त्याला ना खिडकी ना बटण, काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा की झालं. विनोदिनीबाई म्हणाल्या, गोकुळदासलाही शिकव. मग ती त्याला आपल्या मशीनसमोर घेऊन बसली.

“काका, ही सेटिंगांची फाईल. प्रती खंय ठेवच्यो, किती म्हयने ठेवच्यो, काय काय वगळचां, सगळां हयसर. एकदा बरयलां काय झालां. ग्लोबल सेटिंग म्हणतत हेका.”

गोकुळदासने मान हलवली. ऐकलं किती कुणास ठाऊक. एका मांडाची रीत दुसऱ्या मांडाला लागत नाही, हे त्याला जन्मापासून माहीत. हरमलची रीत हरमलला, मांद्र्याची मांद्र्याला. तेव्हा तनयाच्या मशीनवर लिहिलेलं तनयाच्या मशीनपुरतं, असं त्याने आपलं धरून टाकलं.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी ती म्हापशाला गेली असताना त्याने तिच्या मशीनवर ती फाईल उघडली. वगळायच्या यादीत तात्पुरत्या फायलींच्या दोनचार ओळी होत्या. त्यांच्याखाली त्याने एक नवी ओळ लिहिली: हरमल. आज ना उद्या हिचं मशीन बंद पडेल, हरमलची प्रत मिळणार नाही, मग बसेल रडत, असा साधा हिशेब. नंतर इतकं हलकं वाटलं की बाजारात जाऊन त्याने पातळ भाजीबरोबर तीन उंडे पाव खाल्ले.

ऑगस्टमध्ये मशीन बंद पडलं खरं, पण गोकुळदासचं. डिस्कमधून खरखर आवाज आला आणि पडदा काळा झाला.

“भिव नकात काका,” तनया म्हणाली, “सगळां परत गावतलां.” नवी डिस्क घालून तिने हुकूम दिला. एकेक मांड परत येऊ लागला. मांद्रे, पालये, कोरगाव. एकवीस आले आणि थांबले.

“तुमचां हरमल येवक नाय.”

तिने फाईल उघडली आणि ती ओळ तिला दिसली. तिन्ही मशीनी तीच एक फाईल वाचत होत्या. ओळ पडल्यापासून कुणाच्याच हरमलची प्रत झाली नव्हती, आणि तीन महिन्यांहून जुन्या प्रती साधनाने नेमाप्रमाणे पुसल्या होत्या. तनयाचं हरमल तिच्या मशीनवर सुखरूप होतं. आईचं कुठेच नव्हतं.

तनया खुर्चीवरून उठली. “माझ्याच हातान पडली आसतली ही ओळ. मी बाईंक सांगतंय, माझी चूक.”

आणि खरं सांगायचं तर क्षणभर गोकुळदासला बरं वाटलं. गप्प बसलं की झालं, पोरगी जाईल, खुर्ची राहील. ती दारापर्यंत पोचली. पण आपल्याच हाताने आईला पुसलं हे गिळून तो कसला बसतोय!

“रव गे. ती ओळ मी घातलंय.”

“कित्याक?”

“तुझां हरमल माका सोसना झालां.”

तिने पर्समधून मोबाईल काढला. “काका, मी कारापूरची, परक्या गावची. हरमलच्यो बायलो माका मांडार घेवक तयार नाय होत्यो. तेव्हा तुमच्या रेकॉर्डिंगातलां तुमच्या आवशीचां एक गाणां मोबाईलार घेवन गेल्लंय. तां आयकल्यानी, वत्सलाक वळाखल्यानी, आणि मगे माका बसयल्यानी.”

तिने ते लावलं. वाऱ्यातून तुटक तुटक आई गायला लागली. एकवीस गाण्यांतलं एकच.

गोकुळदासचे डोळे भरून आले. पण ह्याही वेळी सगळ्यात आधी वर आली ती तीच जुनी जळजळ: आता आईसुद्धा हिच्याकडेच. ती जळजळ जायची वाट बघत तो बसून राहिला. गेली नाही. गाणं संपत आलं तेव्हा त्याने हात पुढे केला.

“माका दी गे तेवढां,” तो म्हणाला.